घरचा उद्योग आणि मनाचे स्वास्थ्य

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा आम्हांस वाटले, आता सारा वेळ आपला. घरी बसून संस्कृत ग्रंथांची मुद्रिते तपासण्याचे काम पत्करले आणि वर्षभरातच भ्रम फिटला. ‘घरीच आहेत ना!’ म्हणून गॅसवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सर्वांचे भार आमच्यावर; उलट रात्रीचे अकरा वाजले तरी मुद्रिते हातून सुटेनात. एके दिवशी नातवाने कागदास हात लावला म्हणून आम्ही त्यास चापट मारली. छत्तीस वर्षांत वर्गात कधी छडी न उगारलेले आम्ही! त्या रात्री अन्न गोड लागले नाही.

पुढे लिज्जत पापडाची हकीकत ध्यानात आली. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन तो उद्योग मांडला. तेथील रीत अशी की, मळलेले पीठ केंद्रावरून आणावे, पापड घरी लाटावे आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यावे. घरच्याच कामास त्यामुळे आरंभ येतो, शेवट येतो आणि रोज चार माणसे भेटतात. आम्हांस नेमके हेच नव्हते.

हल्ली सकाळी सदरा चढवून मारुतीपर्यंत जाऊन येतो, चार परिचितांशी बोलतो व मगच मेजाशी बसतो. पाचाला मुद्रिते कपाटात. ‘पाचपर्यंत आजोबा कचेरीत’ असे सूनबाईंनी घरात जाहीर केले आहे. नातू मात्र पावणेपाचपासूनच दाराशी उभा असतो.