‘डू नॉट हेझिटेट’ म्हणजे फोन करू नका असं नव्हे!

बँक, विमा कंपनी किंवा कॉलेजकडून आलेल्या इंग्रजी मेसेजच्या शेवटी एक ओळ बऱ्याचदा असते. ‘प्लीज डू नॉट हेझिटेट टू कॉन्टॅक्ट अस.’ घाईत वाचणाऱ्याची नजर ‘डू नॉट’ आणि ‘कॉन्टॅक्ट’ या शब्दांवर पडते, मधला शब्द राहूनच जातो. मग अर्थ लागतो, ‘आमच्याशी संपर्क करू नका.’ आणि एखादा कागद अपुरा असलेला माणूस गप्प घरी बसतो. खरा अर्थ नेमका उलटा आहे. काही अडचण असेल तर बिनधास्त विचारा, एवढंच त्यात म्हटलंय.

हेझिटेट म्हणजे कचरणे, का-कू करणे, मागेपुढे पाहणे. लॅटिन भाषेतल्या ‘अडकून पडणे’ या अर्थाच्या शब्दापासून तो इंग्रजीत आला. चिखलात गाडी रुतते तसं मन रुतलं, की ते हेझिटेट. नुसतं थांबणं वेगळं. एसटीची वाट बघत आपण स्टँडवर उभे राहतो, ते ‘वेट’. एसटी समोर आली, पण गर्दी बघून चढू की नको असं झालं, ते हेझिटेट.

‘आय ॲम हेझिटेट’ असं पुष्कळ जण बोलतात. मराठीत ‘मी हेझिटेट होतो’ म्हणायची सवय लागलीय ना! इंग्रजीत ते चालत नाही. नुसतं ‘आय हेझिटेट’ म्हणा, कालची गोष्ट असेल तर ‘आय हेझिटेटेड’. पुढे दुसरं क्रियापद आलं तर मध्ये ‘टू’ हवा. ‘शी हेझिटेटेड टू आस्क’, म्हणजे विचारायला ती कचरली. उच्चार करताना जोर ‘हे’वर द्या, आणि ‘झ’ झाडातला.

आता एक सावधगिरी. फसवणूक करणारेही आपल्या मेसेजमध्ये हीच गोड ओळ टाकू शकतात. म्हणून मेसेजमधल्या नंबरवर फोन न लावता पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेला नंबर लावा. ओटीपी कुणालाच सांगू नका. तिथे कचरलेलंच बरं. पण पैसे गेलेच, तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून का-कू करत बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. फोन जितका लवकर, तितकी ती रक्कम समोरच्याच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त.