बायरन व्हाइट: मैदान ते न्यायासन, एक मागोवा

महाविद्यालयीन मैदानावर देशभर नाव कमावलेला खेळाडू पुढे त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील बायरन व्हाइट (1917–2002) यांचे आहे. त्यांच्या मैदानावरील झुंजारपणाचा संबंध न्यायासनावरील कठोरपणाशी थेट जोडण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु खेळाने त्यांना न्यायदृष्टी दिली असे म्हणण्यापेक्षा शिक्षणासाठी पैसा आणि प्रसिद्धीविषयी कायमची अढी दिली, असे म्हणणे त्यांच्या एकूण कारकिर्दीशी अधिक सुसंगत ठरते.

व्हाइट यांचे बालपण कोलोरॅडो राज्यातील वेलिंग्टन या लहानशा गावी गेले. साखरेसाठी पिकवल्या जाणाऱ्या बीटच्या शेतीवर हा परिसर उभा होता. वसमत भागातील उसाचा हंगाम ठाऊक असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील वाचकाला तिथल्या कष्टाचे स्वरूप वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. बायरन आणि त्यांच्या भावाने लहानपणीच या शेतांत मजुरी केली. शाळेत पहिला येणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर बायरन कोलोरॅडो विद्यापीठात दाखल झाले, म्हणजे त्यांच्या विद्यापीठप्रवेशाचे कारण खेळ नव्हे, तर गुणपत्रिका होती.

तेथे ते हाफबॅक म्हणून खेळले. अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांची फळी भेदत पुढे धावण्याचे काम प्रामुख्याने या खेळाडूकडे असते, आणि तो असा धावत किती यार्ड पुढे गेला यावरून त्याची कामगिरी मोजली जाते. 1937 च्या हंगामात व्हाइट यांनी 1,121 यार्डांची मजल मारली आणि सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाच्या निवडीत ते दुसरे आले. वृत्तपत्रांनी त्यांना ‘व्हिझर’, म्हणजे सुसाट धावणारा, हे टोपणनाव दिले. ते त्यांना कधीच रुचले नाही, आणि ते त्यांना कधी सोडूनही गेले नाही. पुढील वर्षी पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघाने त्यांना 15,800 डॉलर देऊ केले. त्या काळी ही रक्कम थक्क करणारी होती. ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळालेली असूनही त्यांनी तिकडे जाणे काही महिने लांबवले, त्या हंगामात 567 यार्डांसह व्यावसायिक लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले आणि 1939 च्या आरंभी इंग्लंड गाठले. महायुद्ध सुरू झाल्याने परतावे लागल्यावर येल विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत असतानाच 1940 आणि 1941 मध्ये ते डेट्रॉइटच्या संघातून खेळले. एकीकडे कायद्याचे ग्रंथ आणि दुसरीकडे व्यावसायिक सामने हा दुहेरी संसार हौसेपेक्षा हिशेबाने चाललेला होता.

इंग्लंडमध्ये त्यांची ओळख जॉन केनेडी यांच्याशी झाली होती. 1943 मध्ये सॉलोमन बेटांजवळ केनेडींची पीटी-109 ही नौका बुडाली, तेव्हा त्या घटनेचा अहवाल लिहिणाऱ्यांत नौदलाच्या गुप्तवार्ता विभागातील अधिकारी व्हाइट होते. युद्धानंतर सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांचे न्यायसहायक म्हणून आणि नंतर डेन्व्हरमध्ये वकील म्हणून त्यांनी काम केले. केनेडी अध्यक्ष झाल्यावर ते न्याय खात्यात उपमहान्यायवादी झाले, आणि 1961 मध्ये वर्णभेदाविरुद्ध बसप्रवास करणाऱ्या आंदोलकांच्या संरक्षणासाठी अलाबामात पाठवलेल्या केंद्रीय मार्शलांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

एप्रिल 1962 मध्ये, वयाच्या 44 व्या वर्षी, ते सर्वोच्च न्यायालयात रुजू झाले. त्यापूर्वी ते कोणत्याही न्यायालयात न्यायाधीश नव्हते. भारतीय वाचकाला हे खटकण्याजोगे आहे, कारण आपल्याकडची परिचित वाट पायऱ्यांची आहे: हिंगोलीतील तरुण वकील लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश होऊ शकतो, सात वर्षांच्या वकिलीनंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद 233 नुसार थेट जिल्हा न्यायाधीशपदासाठी पात्र ठरतो, आणि उच्च न्यायालयासाठी अनुच्छेद 217 दहा वर्षांची अट घालतो. शिवाय आपले सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश 65 व्या वर्षी निवृत्त होतात. अमेरिकेत अशी वयोमर्यादाच नसल्याने व्हाइट 1993 पर्यंत, म्हणजे 31 वर्षे, पदावर राहिले.

त्यांच्या निकालांना एका विचारसरणीचे नाव देता येत नाही. गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या 1973 च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालाला विरोध करणाऱ्या दोन न्यायाधीशांपैकी ते एक होते, तर 1977 च्या ‘कोकर’ खटल्यात प्रौढ स्त्रीवरील बलात्कारासाठी मृत्युदंड घटनाबाह्य ठरवणारे मुख्य मत त्यांनीच लिहिले. पळून जाणारा संशयित धोकादायक नसेल तर त्याला रोखण्यासाठी पोलिसांनी त्याच्यावर गोळी झाडू नये, हा 1985 चा ‘गार्नर’ निकालही त्यांचाच. मात्र पुढच्याच वर्षी ‘बॉवर्स’ खटल्यात समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा राज्याचा कायदा त्यांनी वैध मानला. ही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत दुबळी बाजू म्हणावी लागेल, आणि 2003 मध्ये त्याच न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

खेळाशी त्यांचा न्यायाधीश म्हणून महत्त्वाचा संबंध 1984 मध्ये आला. महाविद्यालयीन क्रीडेचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावर घातलेली मर्यादा न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली अवैध ठरवली. असहमतीचे निकालपत्र व्हाइट यांनी लिहिले: महाविद्यालयीन खेळ हा निव्वळ बाजार नसून शिक्षणाशी जोडलेला उपक्रम आहे आणि त्याचे हौशी स्वरूप जपणारे निर्बंध केवळ आर्थिक मोजपट्टीने तपासू नयेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. व्यावसायिक खेळाच्या पैशावर कायदा शिकलेल्या न्यायाधीशाने ही बाजू घ्यावी, यात विसंगती नाही. खेळ धंदा झाला की काय होते, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेला दुसरा न्यायाधीश त्या पीठावर नव्हता. तथापि काळ त्यांच्या बाजूने गेला नाही. 2021 मध्ये ‘ऑल्स्टन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या शिक्षणविषयक लाभांवरील त्याच संघटनेची बंधने एकमताने बेकायदा ठरवली, आणि तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती नील गोरसच हे 1993–94 मध्ये, निवृत्तीनंतरच्या काळात, व्हाइट यांचेच न्यायसहायक होते.