दुसऱ्यांदाही हसवणारा गुप्तहेर

एखादा विनोद त्याच मंडळींपुढे पुन्हा सांगणाऱ्याची आपल्याला कीव येते. टिंगलीचे तर त्याहून अवघड. ज्याची खिल्ली उडवायची ती एकदा उडवून झाली की उरते काय? असे असूनही गुप्तहेरपटांची थट्टा करणाऱ्या चित्रपटांचे दुसरे-तिसरे भाग निघतात आणि चालतातही. रोवन ॲटकिन्सन यांच्या ‘जॉनी इंग्लिश’चे २००३, २०११ आणि २०१८ असे तीन भाग आले. तिन्हींनी जगभरात प्रत्येकी सुमारे सोळा कोटी डॉलरचा गल्ला जमवला. माइक मायर्स यांच्या ‘ऑस्टिन पॉवर्स’ची कथा याहून नवलाची आहे. १९९९ च्या दुसऱ्या भागाने अमेरिकेत प्रदर्शनाच्या पहिल्याच शनिवार-रविवारच्या मुक्कामात जेवढे कमावले, तेवढे १९९७ च्या पहिल्या भागाला तेथील चित्रपटगृहांतून उतरेपर्यंत कमावता आले नव्हते.

मराठी वाचकाला विडंबन नवे नाही. ‘केशवकुमार’ या नावाने आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’ लिहिली, तेव्हा त्या काळची कविता लोकांच्या ओठांवर होती. म्हणून हशा पिकला. आज ती मूळ कविता ठाऊक नसलेला विद्यार्थी परीक्षेसाठी विडंबन वाचतो आणि यात हसण्यासारखे काय, असे विचारतो. विडंबनाचे आयुष्य मूळ कृतीच्या आयुष्याला बांधलेले असते. गुप्तहेरपटाच्या विडंबनकाराचे भाग्य असे की त्याची मूळ कृती मरतच नाही. १९६२ च्या ‘डॉ. नो’पासून जेम्स बाँड दर काही वर्षांनी नव्या कपड्यांत हजर होतो, आणि प्रत्येक वेळी चेष्टेला नवा ऐवज पुरवून जातो. कधी घड्याळात दडवलेली करवत, कधी समुद्राखालची खलनायकाची राजधानी, तर कधी नायकाचे भलतेच गंभीर दुःख.

आपल्याकडे मात्र बाँडची थट्टा कमी आणि निष्ठेने केलेली नक्कल जास्त झाली. तेलुगूतील ‘गूढचारी ११६’ (१९६६) वरून पुढच्याच वर्षी हिंदीत जितेंद्रचा ‘फर्ज’ आला. त्याचे दिग्दर्शक रविकांत नगाइच यांनीच पुढे मिथुन चक्रवर्तीला ‘गनमास्टर जी-९’ बनवून ‘सुरक्षा’ (१९७९) आणि त्याचा पुढचा भाग ‘वारदात’ (१९८१) काढला. हे चित्रपट गांभीर्यानेच बनवले होते. आज ते पाहताना हसू आवरत नाही, पण ते श्रेय दिग्दर्शकाच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

नक्कल आणि विडंबन यांतले अंतर किती थोडे असते, याचा एक दाखला ‘जॉनी इंग्लिश’च्या श्रेयनामावलीतच आहे. पहिल्या भागाच्या लेखकांपैकी नील पर्विस आणि रॉबर्ट वेड ही जोडी प्रत्यक्ष बाँडपटांचीही लेखक. ‘डाय अनदर डे’ (२००२) त्यांनी लिहिला आणि वर्षभरात त्याच साच्याची थट्टाही त्यांच्याच नावावर पडद्यावर आली. दोन्हीकडे कच्चा माल एकच. फक्त नायकाचा हात एकीकडे अचूक बटणावर पडतो आणि दुसरीकडे शेजारच्या. या व्यक्तिरेखेचा जन्मही साहित्यातला नव्हे. नव्वदच्या दशकात ब्रिटनमधील एका क्रेडिट कार्डाच्या जाहिरातींत ॲटकिन्सन यांनी रंगवलेला आढ्यताखोर हेर लोकांना आवडला आणि त्यातून जॉनी इंग्लिश घडला.

खरी परीक्षा दुसऱ्या भागाची. ‘जॉनी इंग्लिश रीबॉर्न’मध्ये मोझांबिकमधील मोहीम फसल्यानंतर नायक तिबेटी मठात साधना करतो आहे, आणि तेथून त्याला परत बोलावले जाते. याच चित्रपटात हाँगकाँगमधील एक पाठलाग आहे. पुढे पळणारा तरुण भिंतींवरून उड्या घेतो, कुंपणे ओलांडतो, उंचावरून झेपावतो. त्या काळच्या बाँडपटांत हीच कसरत भारावून टाकणारी ठरली होती. मागून येणारा मध्यमवयीन इंग्लिश शांतपणे कुंपणाचे फाटक उघडतो आणि उंचावरून खाली यायला लिफ्ट वापरतो. त्याला मुळीच घाई नाही, तरीही पळणारा त्याच्या हाती लागतो. येथे गंमत केवळ बाँडची उडत नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाचे व्यावहारिक शहाणपण तारुण्याच्या उसन्या पराक्रमावर मात करते, आणि ज्याने एकही बाँडपट पाहिलेला नाही तोही या प्रसंगाला हसतो.

त्याच चित्रपटात सफाई करणारी एक वृद्धा मारेकरी निघते. तिच्या धास्तीने इंग्लिश भलत्याच म्हाताऱ्यांवर तुटून पडतो. एकदा तर त्याच्या वरिष्ठ अधिकारी बाईंच्या आईवरच. पुनरावृत्तीचा हा खेळ शेवटी खुद्द राणीपर्यंत पोहोचतो. तिसऱ्या भागात आभासी वास्तवाचा चष्मा डोळ्यांवर चढवून हा गृहस्थ नकळत लंडनच्या रस्त्यावर येतो आणि शत्रू समजून सामान्य नागरिकांना बडवून काढतो. तिन्ही भागांत सूत्र एकच आहे: आपण मूर्ख आहोत, हे त्याला कधीच कळत नाही.

अशा माणसाची मराठी वाचकाशी ओळख फार जुनी, आणि तिचा पत्ता बडोद्याचा. गायकवाडांच्या त्या नगरीत, रावपुऱ्यापासून प्रतापनगरापर्यंत, मराठी नोकरदारांची बिऱ्हाडे होती. तेथील महाविद्यालयात पाली शिकवणारे चिं. वि. जोशी यांनी चिमणराव हा कारकून निर्माण केला. चिमणराव स्वतःची हकिकत स्वतःच सांगतो, आपल्या बुद्धीवर त्याचा गाढ विश्वास असतो, आणि सोबतीला सोटाधारी गुंड्याभाऊ असतो. वरिष्ठांसमोर शिष्टपणा मिरवणारा इंग्लिश आणि त्याच्या चुका निस्तरणारा निष्ठावंत मदतनीस बॉफ पाहताना ही जोडी आठवल्यावाचून राहत नाही. मास्टर विनायक यांनी १९४० साली या लेखनावर ‘लग्न पहावे करून’ काढला, दामुअण्णा मालवणकर यांना चिमणराव आणि विष्णुपंत जोग यांना गुंड्याभाऊ केले, आणि १९४२ साली हीच जोडी ‘सरकारी पाहुणे’मध्ये परत आणली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आले, तेव्हाही लोक तितक्याच जिव्हाळ्याने हसले. ज्या मध्यमवर्गीय जगाची ती थट्टा होती ते जग तोवर बरेच पालटले होते, पण माणूस ओळखीचा राहिला होता. विडंबनाचा दुसरा भाग टिकतो तो असाच. मूळ कृतीची टर मागे पडते आणि तिच्या आडून उभा राहिलेला माणूस पुढे येतो. ऑस्टिन पॉवर्सच्या बाबतीत हे अर्धेच साधले, असे माझे मत. तिथे साठच्या दशकातील पोशाखांची आणि शिष्टाचारांची थट्टा इतकी दाट आहे की तो काळ ठाऊक नसलेल्याच्या हाती थोडेच लागते.

थट्टेचा परिणाम मात्र मोठा झाला. ऑस्टिन पॉवर्समुळे जुन्या धाटणीचा बाँड करणे अशक्य झाले, असे डॅनियल क्रेग यांनी मुलाखतीत मान्य केले आहे. २००६ चा ‘कसिनो रॉयाल’ रक्ताळलेला आणि रुक्ष झाला, त्यामागे हेही एक कारण होते.

या नावाचा आणखी एक चित्रपट १९६७ साली येऊन गेला होता. बाँडचे ते सरळसरळ विडंबन होते आणि त्यात बाँड झाले होते डेव्हिड निव्हन. हेच निव्हन आणि त्या काळचे अधिकृत बाँड रॉजर मूर ‘द सी वुल्व्हज’ (१९८०) या चित्रपटासाठी एकत्र आले, तेही आपल्या गोव्यात. कथा मुरगाव बंदरातली आणि खरी. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ असल्याने ‘एहरेनफेल्स’ हे जर्मन जहाज तेथे आश्रयाला होते, आणि ब्रिटिश जहाजांची माहिती त्यावरून पाणबुड्यांना पुरवली जाते असा संशय होता. तटस्थ बंदरात उघड सैन्य पाठवणे शक्य नव्हते. म्हणून कलकत्त्याच्या ‘लाइट हॉर्स’ या हौशी घोडदळातील पोट सुटलेले, संसारी, दिवसा व्यापारी कचेऱ्यांत बसणारे गृहस्थ निवडण्यात आले. ‘फीबी’ नावाच्या, गाळ वाहणाऱ्या कुरूप बार्जमधून ते आले आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री त्यांनी जहाजावर हल्ला चढवला. जर्मन खलाशांनी ‘एहरेनफेल्स’ स्वतःच बुडवले. बंदरातील आणखी दोन जर्मन आणि एक इटालियन जहाजही तसेच बुडवण्यात आले. चित्रपटाने ही हकिकत गंभीरपणे मांडली आहे. खरे तर तिच्यातला तपशील बाँडपेक्षा जॉनी इंग्लिशला अधिक शोभला असता. १९७८ साली जेम्स लीझर यांचे पुस्तक येईपर्यंत ही मोहीम गुप्त होती आणि त्या गृहस्थांना कोणतेही पदक मिळाले नाही.