खोलीतलं केशर: दुसऱ्या वर्षी काय?

दिवाळीच्या आगेमागे हल्ली एक बातमी हमखास वाचायला मिळते: कुणीतरी दहा बाय दहाच्या खोलीत केशर पिकवलं. सोबत फोटो असतो. रॅकवर ट्रे, ट्रेमध्ये मातीविना मांडलेले कंद आणि त्यांतून वर आलेली जांभळी फुलं. पुण्याच्या एका वाचकाने विचारलं आहे, की फ्लॅटमधली एक खोली रिकामी आहे, तिथे हे जमेल का?

फुलं येतील, याबद्दल शंका नको. ती कशाच्या जोरावर येतात, ते मात्र आधी समजून घ्यायला हवं.

केशराचा कंद म्हणजे बांधून आणलेली शिदोरी. गेल्या हिवाळ्यात पानांनी उन्हात तयार केलेलं पिष्ट त्यात साठलेलं असतं. उन्हाळ्यात कंद वरून निर्जीव दिसतो, पण आत कळी घडत असते. उन्हाळा सरताना असा कंद उभा चिरून भिंगाखाली धरला, तर टोकाच्या पांढऱ्या आवरणांआड इवलीशी कळी सापडते. पुढे लाल होणाऱ्या तीन काड्यांची सुरुवातही तिच्यात झालेली असते. स्पेनमधल्या मोलिना आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिलं, की कळी घडायला २३ ते २७ अंश तापमान लागतं आणि ती बाहेर पडायला १७ अंशांच्या आसपासचा गारवा. फुलण्यापुरती माती, पाणी, खत यांची गरज नसते. एसी आणि दमट हवा एवढ्यावर काम भागतं.

‘नवं तंत्रज्ञान’ म्हणून आज जे विकलं जातं, त्याचं मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या हॉलंडमध्ये आहे. वाखेनिंगनला अँटन हेंड्रिक ब्लाऊ आणि त्यांच्या सहकारी इडा लाउतेन व ॲनी हार्टसेमा यांनी १९२० आणि ३०च्या दशकांत ट्यूलिप आणि हायसिंथचे कंद वेगवेगळ्या तापमानांच्या खोल्यांत ठेवले. ठरावीक काळाने त्यांतले काही चिरायचे आणि आतला कोंब कुठवर आला ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, असं हे चिवट काम. ट्यूलिपचं फूल शेतात घडत नाही, काढणीनंतर गोदामात घडतं, हे त्यांनी टप्प्याटप्प्याने नोंदवून ठेवलं. आधी २० अंशांच्या आसपास, मग ९ अंशांच्या आसपास ठेवलं, की फूल माणसाला हव्या त्या वेळी आणता येतं. जगातला फुलांचा केवढा तरी व्यापार या नोंदींवर उभा आहे. केशराच्या खोलीत आपण तेच ज्ञान वापरतो. ही तीन नावं मात्र कुठल्याही प्रशिक्षण वर्गाच्या जाहिरातीत दिसत नाहीत, आणि मला त्याची मनापासून खंत वाटते.

आता नोव्हेंबरनंतरचं पाहू. फुलं खुडून झाली, पानं वाढू लागली. जुना कंद सुकत जातो आणि त्याच्या डोक्यावर नवे कंद धरतात. केशरात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे ते वांझ आहे. बी धरतच नाही. पुढच्या वर्षीचं बेणं म्हणजे हे नवे कंदच, आणि आठेक ग्रॅमपेक्षा लहान कंद सहसा फुलत नाही. हे कंद भरतात ते पानांना मिळणाऱ्या प्रकाशावर. खोलीची खरी कसोटी इथे लागते.

प्रकाशाबाबत आपले डोळे फसवतात. ट्यूबलाइटच्या ‘लख्ख’ खोलीत दोन-तीनशे लक्स असतात. बाहेर भर दुपारी एक लाख. पानाच्या हिशेबाने बोलायचं, तर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल फोटॉन पडतात, आणि आपल्या बैठकीच्या खोलीत जेमतेम चार-पाच. निदान २०० तरी द्यायचे म्हटले, तर चांगल्या एलईडीलाही चौरस मीटरमागे सुमारे ८० वॅट लागतात. (जांभळे दिवेच हवेत असं दुकानदार सांगतात. मक्री या शास्त्रज्ञाने १९७२ साली बावीस पिकांच्या पानांवरची मोजमापं प्रसिद्ध केली, त्यात हिरवा प्रकाशही पानं चांगला वापरतात असं दिसलं होतं. साधा पांढरा एलईडी उत्तम चालतो, आणि त्यात पानांवरचा रोगही वेळेत दिसतो.)

दहा बाय दहाच्या खोलीत चार मजली रॅक लावून २० चौरस मीटर जागा मिळाली असं धरू. म्हणजे १६०० वॅटचे दिवे. रोज दहा तास, चार महिने: सुमारे १९०० युनिट. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते, आणि केशराला तर गारवा हवा. म्हणून एसीचं बिल वेगळं.

आता उत्पन्न. चौरस मीटरला शंभर कंद धरले, तर एकूण २०००. कंदाला सरासरी दीड फूल, आणि ग्रॅमभर वाळलेल्या केशराला सुमारे दीडशे फुलं. हाती येतं २० ग्रॅम. ग्रॅमला चारशे रुपये मिळाले तर आठ हजार. दहा रुपये युनिटने नुसत्या दिव्यांचं बिल एकोणीस हजार. कंद आणखी दाटीने लावले तर फुलं वाढतात, पण तेवढ्याच प्रकाशात वाटेकरीही वाढतात.

काश्मीरच्या कृषी विद्यापीठानं पुढे आणलेल्या पद्धतीत म्हणूनच फुलं खोलीत घेतात आणि नंतर कंद शेतात लावतात. तिथे ऊन फुकट आहे आणि थंडी लांब. पुण्यात गच्चीवर ऊन मिळेल, पण फेब्रुवारीतच तापायला लागतं आणि कंदांना भरायला वेळ कमी पडतो. हौस म्हणून किलोभर कंद आणून एकदा फुलं जरूर पाहावीत. त्या काड्या स्वतःच्या हाताने खुडण्यात मोठा आनंद आहे. धंदा म्हणून पैसे घालायचे असतील, तर कंद विकणाऱ्याला फुलांचे फोटो मागू नका. त्याच्याच खोलीत तयार झालेले, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीचे कंद मागा, आणि वजनकाट्यावर ठेवून पाहा.