अर्धा मांडव राखाडी

हातातली यंत्रं : भाग ९

भाचीच्या लग्नात मीही कॅमेरा घेऊन फिरत होतो. ठरवलेला फोटोग्राफर होताच, पण मामाची हौस वेगळी. रात्री घरी येऊन कार्ड रीडरमध्ये घातलं, चारशेच्या वर फोटो संगणकावर उतरवले आणि झोपलो. सकाळी उघडून बघतो तर अंतरपाटाच्या फोटोचा वरचा तिसरा हिस्सा स्वच्छ : झालर, दिव्यांच्या माळा, भटजींची टोपी. तिथून खाली हिरवट-गुलाबी पट्टे, चित्र एकदम डावीकडे सरकलेलं, आणि नवरीच्या मुंडावळ्यांपासून नुसता सपाट राखाडी रंग. गंमत म्हणजे फोल्डरमध्ये दिसणारं त्याच फोटोचं चिमुकलं चित्र ठणठणीत होतं. असे सदतीस फोटो निघाले.

मागच्या भागात आपण कार्डावर छापलेले आकडे वाचायला शिकलो. आज, कार्ड बिघडलंय असं वाटतं तेव्हा काय करायचं ते पाहू. 'वाटतं' हा शब्द मुद्दाम वापरलाय. बहुतेकजण 'कार्ड गेलं' म्हणतात आणि फॉरमॅट करून मोकळे होतात. अहो, मूळ फाइल कार्डावर आहे. संगणकावर आली ती नक्कल. नक्कल फाटकी निघाली म्हणून मूळ कागद कोणी जाळतं का? तेव्हा आधी कार्डाच्या कडेचा खटका 'लॉक'कडे सरकवा. नवा फोटो काढायचा नाही, जुना पुसायचा नाही. (उतरवताना 'कट' करून 'पेस्ट' करणाऱ्यांनी ही सवय आजच सोडावी. मीही पूर्वी तेच करायचो.)

आता ते हिरवट पट्टे. जेपेग ही पद्धत १९९२ साली प्रमाण ठरली. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीने लिहीत जाते. जागा वाचावी म्हणून प्रत्येक चौकोनाचा सरासरी उजेड आणि रंग ती पूर्ण लिहीत नाही. आधीच्या चौकोनापेक्षा किती कमी-जास्त, एवढंच लिहिते. वाण्याच्या उधारीच्या वहीत मागची बाकी पुढे ओढतात, तसं. एका ओळीत सत्तरचे सतरा झाले की पुढच्या नोंदी बिनचूक असल्या तरी खालच्या साऱ्या बाक्या चुकतात. म्हणून रंग एकदा हिरवट झाला की खालपर्यंत हिरवटच राहतो. त्यात या नोंदी लहानमोठ्या संकेतांत, मध्ये मोकळी जागा न सोडता लिहिलेल्या असतात. एक बिट चुकलं की पुढची नोंद कुठून सुरू होते तेच कळेनासं होतं, चौकोन गळतात आणि चित्र बाजूला सरकतं. वाचणाऱ्या प्रोग्रामने हात टेकले की उरतो तो राखाडी.

रंग न बिघडता चित्र एकदम राखाडीत संपत असेल, तर संशय वेगळा : फाइल अर्धवट आली असावी. कार्डावरचा आकार आणि संगणकावरचा आकार बाइटमध्ये ताडून पाहा. आणि ते ठणठणीत चिमुकलं चित्र? कॅमेरा ते फाइलच्या सुरुवातीलाच वेगळं लिहून ठेवतो. ते नीट दिसतंय याचा अर्थ फाइलचं तोंड शाबूत आहे, एवढाच.

मग बिघाड कुठे झाला, कार्डावर की वाटेत? हे ठरवायला सोपी युक्ती आहे. तोच फोटो दोनदा उतरवायचा, दोन वेगळ्या फोल्डरमध्ये. मध्ये रीडर काढून पुन्हा लावायचा, नाहीतर संगणक मेमरीत धरून ठेवलेलीच प्रत दुसऱ्यांदा देतो. मग विंडोजमधल्या 'सर्टयुटिल' या आज्ञेला 'हॅशफाइल' जोडून फाइलचं नाव द्यायचं. चाळीस अक्षरांची एक ओळ येते; फाइलमधलं एक बिट बदललं तरी ती ओळ पार बदलते. दोन्ही ओळी सारख्या आणि फोटो खराबच, तर बिघाड बहुधा कार्डावर किंवा कॅमेऱ्याने लिहितानाच झालेला. ओळी वेगळ्या, तर फोटो येताना वाटेत कुणीतरी खोडी काढतंय.

माझ्या दोन्ही ओळी वेगळ्या आल्या. दुसऱ्या प्रतीत तर राखाडी भलत्याच ठिकाणी सुरू झाला होता, करवलीच्या हातातल्या दिव्यापासून.

वाटेतला संशय लोक आधी केबलवर घेतात. पण युएसबीत माहितीच्या प्रत्येक पुडक्याबरोबर पडताळणीचा आकडा जातो, जुळला नाही की पुडकं पुन्हा मागवलं जातं. त्यामुळे खराब केबल सहसा कॉपी मध्येच तोडते, गुपचूप रंग बदलत नाही. उरतात दोघं : रीडरमधली चिप आणि संगणकाची रॅम. दुसरा रीडर लावूनही तेच झालं, पण दुसऱ्या संगणकावर फोटो नीट आले, तर रॅम तपासायला टाका.

कार्डच दोषी निघालं, किंवा लावताच 'फॉरमॅट करा' असा निरोप आला, तर 'नाही' म्हणा. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचा 'फोटोरेक' हा मोफत प्रोग्राम कार्डावरची यादी बघतच नाही. जेपेग फाइल ज्या ठराविक बाइटनी सुरू होते त्या शोधत तो सगळं कार्ड चाळतो. फोटोंची मूळ नावं जातात, आणि तुकड्या-तुकड्यांत लिहिलेले फोटो फाटकेच मिळतात. मिळालेलं मात्र दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं, त्याच कार्डावर कधीही नाही.

स्वस्तात मिळालेल्या कार्डाचा अजून एक प्रकार. वर चौसष्ट जीबी छापलेलं, आत आठच. आठ भरेपर्यंत सगळं गोड. पुढचे फोटो जुन्यांवर लिहिले जातात किंवा कुठेच जात नाहीत, यादीत नावं मात्र दिसत राहतात. 'एच२टेस्टडब्ल्यू' किंवा 'एफ३' हे प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरून पुन्हा वाचून बघतात. नवं कार्ड आणलं की लग्नाला नेण्याआधी एक रात्र त्यासाठी द्यावी.

माझं कार्ड निर्दोष होतं. शेजारच्या मुलाचा रीडर मागून आणला आणि सदतीसच्या सदतीस फोटो उतरले, अंतरपाटासकट. जुना रीडर टाकला नाही. लाल चिकटपट्टी गुंडाळून तो खणात ठेवलाय. दोन प्रतींची युक्ती कुणाला करून दाखवायची असली की तोच काढतो.