शुक्रावरचा ऑक्सिजन टिपणारी जोडी

शुक्राच्या वातावरणात जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड. उन्हाने तो फुटतो आणि ऑक्सिजनचे सुटे अणू तयार होतात, हे शास्त्रज्ञ धरूनच चालले होते. शुक्राच्या दिवसाच्या बाजूला ते अणू थेट सापडले मात्र नोव्हेंबर २०२१ मध्ये, ‘सोफिया’ या विमानात बसवलेल्या दुर्बिणीतून. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बातम्यांमध्ये शुक्र झळकला, विमानही झळकलं. ज्या दोन वस्तूंमुळे हे जमलं त्यांचं नाव क्वचितच निघालं, म्हणून हा लेख त्यांच्यासाठी.

सुटा ऑक्सिजन ४.७४ टेराहर्ट्झ वारंवारितेच्या लहरी सोडतो. सूक्ष्मलहरी आणि अवरक्त किरण यांच्या मधला हा पट्टा. हवेतलं बाष्प या लहरी गिळून टाकतं, म्हणून दुर्बीण बारा-तेरा किलोमीटर उंचीवर न्यायची. शिवाय ऊर्जा तुटपुंजी. एक टेराहर्ट्झच्या फोटॉनमध्ये खोलीच्या तापमानाला होणाऱ्या औष्णिक हालचालीच्या सहाव्या हिश्शाएवढीच ऊर्जा असते. साध्या शोधकाच्या स्वतःच्याच उष्णतेत असा संकेत बुडून जातो.

त्यावरचा उपाय म्हणजे नायोबियम नायट्राइडचा अतिसंवाहक पापुद्रा, जाडी जेमतेम पाच नॅनोमीटर. सोन्याच्या इवल्याशा अँटेनाच्या मधोमध त्याचा पूल बांधतात. तो उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास गार करून अतिसंवाहकतेच्या अगदी काठावर ठेवायचा. लहर पडली की त्यातले इलेक्ट्रॉन किंचित तापतात आणि विद्युतरोध वाढतो. हे इलेक्ट्रॉन काही डझन पिकोसेकंदांत पुन्हा गार होतात. एवढ्या चपळाईमुळेच पुढची युक्ती साधते.

तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांमध्ये जराशी तफावत असली की आवाजात संथ लाट उठते. इथेही तेच करायचं. आकाशातल्या लहरीशेजारी जवळजवळ तेवढ्याच वारंवारितेची आपली लहर त्याच पापुद्र्यावर सोडायची, मग दोन्हींमधल्या फरकाची लहर मिळते. ती काही गिगाहर्ट्झची असल्याने नेहमीच्या इलेक्ट्रॉनिक्सला हाताळता येते. वारंवारिता इतकी बारकाईने कळते की वायू कुठे आणि किती वेगाने वाहतो आहे तेही ताडता येतं.

पण ४.७ टेराहर्ट्झची आपली लहर आणायची कुठून? माझ्या मते खरी अडचण हीच होती. ती सोडवली क्वांटम कॅस्केड लेसरने. नेहमीच्या अर्धवाहक लेसरचा रंग मुख्यतः पदार्थावर ठरतो. इथे तो थरांच्या जाडीवर ठरतो. गॅलियम आर्सेनाइड आणि त्याच्या ॲल्युमिनियममिश्रित भावंडाचे शेकडो थर, प्रत्येक काही नॅनोमीटरचा. त्यांतून पायरी-पायरीने उतरताना एकच इलेक्ट्रॉन पुन्हापुन्हा फोटॉन सोडतो. १९९४ मध्ये बेल लॅब्जने हा लेसर अवरक्त पट्ट्यात चालवून दाखवला. २००२ मध्ये पिसा आणि केंब्रिजच्या चमूने तो टेराहर्ट्झपर्यंत आणला.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनेही याच पट्ट्यात वेगळ्या जातीच्या शोधकाने काम केलं आहे. हैदराबादहून बलूनमधून एक मीटरची दुर्बीण सोडून जपानी वर्णपटमापकाच्या साहाय्याने कार्बनची १.९ टेराहर्ट्झची रेषा मोजली गेली.

सोफियाचं उड्डाण सप्टेंबर २०२२ मध्ये थांबलं. ३१ डिसेंबर २०२३ रोजी अंटार्क्टिकावरून अशीच जोडी घेऊन नासाचा ‘गस्टो’ बलून निघाला. शोधक नेदरलँड्सचे, ऑक्सिजनच्या रेषेसाठीचा लेसर एमआयटीचा. आकाशगंगेतल्या वायूचे नकाशे टिपत तो ५७ दिवस तरंगत राहिला.