नकाराचे वाक्य: कर्ता, कर्म, क्रियापद

सुरतेतील मराठी वाचक लिंबायत, उधना अशा अनेक वस्त्यांत विखुरलेला आहे. महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. समजा, येथील एखाद्या वाचनालयाने जुने दिवाळी अंक स्कॅन करून लिनक्सच्या संगणकावर ठेवले आणि शाळांना ते ब्राउझरमधून वाचता यावेत अशी सोय केली. फायली जागेवर आहेत, नावे बरोबर आहेत, तरी पडद्यावर ‘परवानगी नाही’ एवढेच उमटते. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘एसईलिनक्स बंद करून टाका’. हा सल्ला का टाळावा आणि त्याऐवजी काय करावे, याचा विचार येथे केला आहे.

एसईलिनक्स ही लिनक्समधील पहाऱ्याची व्यवस्था आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ती डिसेंबर २००० मध्ये सर्वांसाठी खुली केली आणि २००३ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्याचा भाग झाली. २०१४ च्या अँड्रॉइड ५.० पासून ती फोनमध्येही पूर्णपणे लागू आहे. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात ती रोज काम करत असते.

नेहमीची परवानगी फाइल कोणाच्या मालकीची आहे, हे पाहते. एसईलिनक्स त्यापुढे जाऊन लेबल पाहते. चालणारा प्रत्येक प्रोग्राम आणि प्रत्येक फाइल यांवर एक लेबल असते. कोणत्या लेबलाने कोणत्या लेबलाशी कसा व्यवहार करावा, हे धोरणात लिहिलेले असते. जे लिहिलेले नाही, ते नाकारले जाते. सतराव्या शतकात सुरत बंदरात उतरलेला माल फुरज्यावर, म्हणजे जकातघरात, तपासला जाई आणि औरंगजेबाच्या काळात माल कोणाचा यावर जकातीचा दर ठरे. येथेही ओळखीवरूनच निर्णय होतो. फरक इतकाच की या नाक्यावर रदबदली चालत नाही.

नकार मिळाला की त्याची नोंद ‘ऑडिट लॉग’मध्ये होते. ती प्रथम अगम्य वाटते, पण व्याकरण शिकलेल्याला ती परकी नाही. तिच्यात ‘डिनाइड’ या शब्दानंतर महिरपी कंसात क्रिया असते, उदाहरणार्थ ‘रीड’. ‘एसकॉन्टेक्स्ट’मध्ये कर्त्याचे लेबल असते, ‘टीकॉन्टेक्स्ट’मध्ये कर्माचे, आणि ‘टीक्लास’मध्ये कर्माची जात: फाइल, फोल्डर की आणखी काही. आपल्या उदाहरणात कर्ता ‘एचटीटीपीडी_टी’, म्हणजे वेबसर्व्हर, आणि कर्म ‘यूझर_होम_टी’, म्हणजे वापरकर्त्याच्या घरची फाइल. सारे जोडले की सरळ वाक्य मिळते: वेबसर्व्हरला घरची फाइल वाचू दिली नाही.

वाक्य लागले की दोषही सापडतो. अंक आधी कोणाच्या तरी वैयक्तिक फोल्डरमध्ये होते आणि तेथून ‘एमव्ही’ आज्ञेने वेबच्या फोल्डरमध्ये हलवले गेले. हलवलेली फाइल जुने लेबल सोबत घेऊन येते. ‘सीपी’ने केलेली नवी प्रत मात्र साधारणपणे नव्या जागेचे लेबल घेते. म्हणजे धोरण चुकलेले नाही, लेबल चुकलेले आहे. अशा वेळी ‘रिस्टोरकॉन’ ही आज्ञा त्या जागेचे ठरलेले लेबल परत लावते आणि अंक दिसू लागतात.

तपासाचा क्रम असा ठेवावा. आधी ‘एलएस -एल’ने नेहमीची परवानगी पाहावी, तेथेच अडले असेल तर एसईलिनक्सपर्यंत प्रश्न जातच नाही आणि तशी नोंदही होत नाही. मग ‘एयूसर्च’ने नकाराची नोंद शोधावी आणि ‘एलएस -झेड’ने फाइलचे लेबल पाहावे. अंक वेगळ्याच फोल्डरमध्ये कायम ठेवायचे असतील, तर त्या जागेचे लेबल ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ने धोरणात नोंदवून मग ‘रिस्टोरकॉन’ चालवावे. वेबसर्व्हरला दुसऱ्या संगणकाशी बोलायचे असेल, तर त्यासाठी धोरणातच तयार कळ असते. ती ‘सेटएसईबूल’ने चालू करता येते. नोंदींवरून नवी सूट लिहून देणारे ‘ऑडिट२अलाउ’ हे साधन सर्वांत शेवटी वापरावे. ते मागितले तेवढे देण्याचा नियम लिहून देते. मागणी योग्य होती का, हे ठरवण्याचे काम आपलेच राहते.

शंका उरली तर ‘सेटएन्फोर्स ०’ने पहारा थोडा वेळ ‘केवळ नोंद करा’ या अवस्थेत ठेवता येतो. तरीही अडचण कायम राहिली, तर बहुधा कारण दुसरीकडे आहे. पडताळणी होताच ‘सेटएन्फोर्स १’ करावे.

हा काटेकोरपणा कशासाठी? त्याच संगणकावर सभासदांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक असू शकतात. वेबसर्व्हरमधल्या एखाद्या त्रुटीतून कोणी आत शिरले, तर पहारा चालू असताना सामान्यतः त्याला वेबसर्व्हरला मुभा आहे तेवढ्यालाच हात लावता येतो. पहारा बंद असेल तर ही कुंपणाची ओळ उरत नाही. जुने अंक मुलांपर्यंत पोहोचावेत म्हणून त्यांच्या घरांचे पत्ते उघड्यावर टाकण्याचे कारण नाही. त्याआधी नकाराचे ते एक वाक्य नीट वाचायला फार तर पाच मिनिटे लागतात.